स्पॅनिश येतं, मग कॅटलान किती अवघड?

तुमचं स्पॅनिश बी१ या मधल्या पातळीपर्यंत झालंय, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बार्सिलोनाला राहायला यायचंय, आणि तिथली स्थानिक भाषा कॅटलान शिकायलाच हवी का, असं विचारलंत.

दुकान, बँक, दवाखाना स्पॅनिशवर निभतं. नागरिकत्वाची ए२ ही प्राथमिक पातळीची परीक्षाही स्पॅनिशचीच असते. पण सरकारी शाळेत शिकवण्याची भाषा कॅटलान आहे. बऱ्याच शाळांत नवख्या मुलांसाठी स्वागतवर्ग असतो, तिथे त्याला ‘आउला दाकुल्यीदा’ म्हणतात. शाळा निवडताना तो आहे का, हे आवर्जून विचारा.

वाचलेलं तुम्हाला महिन्याभरात कळू लागेल. फसगत तिथेच होते: स्पॅनिश शब्दांची शेपटं छाटली की कॅटलान झाली, असं वाटतं आणि बोलणं राहून जातं.

म्हणून आधी उच्चार. स्पॅनिशला पाच स्वर, बार्सिलोनाच्या कॅटलानला आठ. आघात नसलेले ‘आ’ आणि ‘ए’ दोन्ही आपला ‘अ’ होतात, ‘ओ’चा ‘उ’ होतो. स्पॅनिश भाषकांना हा ‘अ’ फार छळतो. आपल्या तोंडात तो आहेच. घर स्पॅनिशमध्ये ‘कासा’. कॅटलानमध्ये ‘काझ’, ‘झाड’मधला झ आणि शेवटी ओझरता अ. ‘बारा’ला कॅटलानमध्ये ‘दोद्ज’, त्यातला ज ‘जागा’तला. तेव्हा सगळं स्पॅनिश जिभेने उच्चारू नका, मराठी कान वापरा.

व्याकरणात पहिला खड्डा भूतकाळाचा. ‘बाच अना’ ऐकून ‘मी जाणार आहे’ असं वाटतं, कारण स्पॅनिशमध्ये ‘बोय आ इर’चा अर्थ तोच. इथे मात्र ‘मी गेलो’. दुसरा खड्डा ‘अन’चा, म्हणजे ‘त्यातले’ या अर्थाच्या छोट्या शब्दाचा: ‘मला दोन हवेत’ला स्पॅनिशमध्ये ‘क्येरो दोस’ पुरतं, कॅटलानमध्ये ‘अन बुल्य दोस’, त्यातलं ‘अन’ गाळलं की वाक्य लंगडं. शब्दही फसवतात: कॅटलान ‘काम’ म्हणजे पाय. स्पॅनिश ‘कामा’ म्हणजे पलंग.

घड्याळही सांभाळा. ‘दोस क्वार्त्स द त्रेस’ म्हणजे अडीच, तीनकडे निघालेल्या तासाचे दोन पाव. ‘त्रेस क्वार्त्स द क्वात्र’ म्हणजे चक्क पावणेचार! सुरुवातीला डॉक्टरची वेळ आकड्यांत लिहून मागा.

वर्गांसाठी सीपीएनएल ही सार्वजनिक संस्था गाठा. सुरुवातीच्या पातळ्या मोफत आहेत. जागा भराभर भरतात, म्हणून नोंदणी उघडताच अर्ज करा आणि पातळी-चाचणी द्या, स्पॅनिशमुळे वरच्या वर्गात जागा मिळू शकते. घरबसल्या अभ्यासाला ‘पार्ला.कॅट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. ‘बुलुन्तारिआत पर ला ल्येंग्वा’ या उपक्रमात एखादा स्थानिक स्वयंसेवक तुमच्याशी एकूण १० तास नुसता गप्पा मारतो. हा उपक्रम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण एरवी परका उच्चार ऐकला की समोरचा सौजन्याने स्पॅनिशवर येतो. तो आला तरी तुम्ही कॅटलानमध्येच उत्तर देत राहा. दोन-चार वाक्यांत बहुतेक जण परततात.