घरात आजी-आजोबा, नवशिकी मुलं आणि एक पट्टीचा स्कीअर: सगळ्यांना मजा येईल असं आल्प्समधलं गाव कोणतं?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून सात जण: सत्तरी ओलांडलेले आई-बाबा (आईंचे गुडघे दुखतात), तुम्ही दोघं, सहा आणि अकरा वर्षांची मुलं, आणि कॅनडात राहून स्कीइंगमध्ये तरबेज झालेला भाऊ. भावाचं म्हणणं, जिथे उतार जास्त तिथे जावं. माझं मत नेमकं उलट आहे. गाव निवडताना आधी आईंचा विचार करा, मग धाकट्या मुलाचा. भाऊ आल्प्समध्ये कुठेही खूश राहील. पण जे स्की करणार नाहीत त्यांना दिवसभर खोलीच्या खिडकीत बसावं लागलं, तर दोन दिवसांत धुसफुस सुरू होते आणि एवढा खर्च करून गेलेल्या सुट्टीचा विचका होतो.

म्हणून मी स्वित्झर्लंडमधलं वेंगेन सुचवेन. सासू-सासरे आणि मुलं अशा सगळ्या गोतावळ्यासह आम्ही तिथे राहिलो आहोत. गाव साधारण १,२७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे मोटारी नाहीत, कारण वर यायला रस्ताच नाही. खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरची गाडी येते, ती १८९३पासून. मुलं पुढे पळाली तरी जिवाला घोर नाही. नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे नातवंडं धडपडत शिकताना आजी-आजोबा कडेला उभे राहून बघू शकतात. गावातूनच केबल कार वर डोंगरावरच्या मेन्लिखेनला जाते. तिथे निळे, म्हणजे सोपे, उतार आहेत. लाल मध्यम आणि काळे अवघड. भावासाठी लाउबरहॉर्नचा उतार आहे: स्कीइंगच्या विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल शर्यत, जवळपास साडेचार किलोमीटरची, इथेच होते. ती जानेवारीच्या मध्यावर असते, तेव्हा खोल्या मिळणं मुश्कील. ते दिवस टाळा.

पण माझ्या लेखी वेंगेनची खरी किंमत क्लाइने शायडेकमुळे आहे. आयगर शिखराच्या उत्तर कड्याच्या पायथ्याशी, २,०६१ मीटरवरचं हे रेल्वे स्टेशन. भाऊ स्कीवरून उतरून येईल, आई वेंगेनहून आगगाडीत बसून येतील, आणि बाबांना चालायची हौस असेल तर मेन्लिखेनहून इथपर्यंत बर्फ दाबून केलेली, हळूहळू उतरत जाणारी पायवाट आहे. दुपारी एक वाजता सगळ्यांनी इथे भेटायचं, असा नियम आम्ही केला होता. सासूबाई उन्हात बाकावर बसून, बटाट्याच्या किसाचं खरपूस रोश्टी खात, वरून येणाऱ्या हेल्मेटांमधून आपली नात ओळखायचा प्रयत्न करायच्या. त्यांनी स्कीला हातही लावला नाही, पण सहलीचं सगळ्यात जास्त कौतुक आजही त्याच करतात.

आता शिकण्याचं. तुम्ही दोघांनी भावाकडून शिकू नका. घरच्यांकडून शिकताना भांडणं होतात, आणि चांगलं येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं. स्की स्कूलचे गट बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, तेव्हा शनिवारी पोहोचा आणि इंग्रजी गटाचं बुकिंग आधी करा. शिकत असेपर्यंत उतारांवर वर नेणाऱ्या लिफ्टचा, संपूर्ण प्रदेशाचा महागडा पास घेऊ नका. नवशिक्यांच्या लिफ्टपुरतं तिकीट पुरतं. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या इतक्या भरून येतात की अर्धा दिवस सुट्टी घेतलेली बरी.

स्की, काठ्या, हेल्मेट सगळं तिथे भाड्याने मिळतं. दुकानात घाई करू नका, विशेषतः बुटांच्या बाबतीत. मोजा एकच, पातळ आणि लांब. थर्मलची कड बुटात अडकली तर नडगीवर वळ उठतो, म्हणून ती वर ओढायची. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवून पुढे झुकलात की किंचित मागे सरकला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. लगेच बदलून मागा. आपल्याकडचा बूट सैल घ्यायचा हिशेब इथे चालत नाही. वजन आणि उंची खरी सांगा, कारण पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते त्यावरून ठरवतात.

तारखांचं म्हणाल, तर नाताळ आणि फेब्रुवारीतल्या युरोपियन शाळांच्या सुट्ट्या महाग आणि गर्दीच्या. मुलांच्या परीक्षा मार्चच्या मध्यात संपत असतील तर त्यानंतर जा. दिवस मोठा असतो, ऊन असतं, आई-बाबांना बाहेर बसता येतं. गावातला बर्फ दुपारी मऊ पडतो, म्हणून मुलांचे धडे सकाळीच ठेवा.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उगाच शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पण व्हिसापुरत्या साध्या पॉलिसीत स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. हिवाळी खेळ आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही आहे का ते नीट वाचा. आई-बाबांच्या जुन्या दुखण्यांचंही विचारून घ्या.

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. गावात कोऑप हे किराणा-भाजीचं दुकान आहे. तांदूळ, भाज्या, दही सगळं मिळतं. बेसन, मसाले, चिवडा खुशाल न्या, पण तूप, बर्फी, श्रीखंड नेऊ नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते, हे बाबांना आधीच सांगा.

निघण्याआधी दोनेक महिने पर्वतीला जात जा. १०३ पायऱ्या चढण्यापेक्षा सावकाश, गुडघे वाकवून उतरणं जास्त कामाचं, कारण स्कीत मांड्यांना तोच ताण येतो.

आणि आईंसाठी: गावातल्या गल्ल्यांत सकाळी गोठलेला काच बर्फ असतो, धोका त्याचा. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे तिथल्या दुकानात मिळतात. पहिल्याच दिवशी घ्या. स्लेजवर त्यांना बसवू नका, ती टाचांनी थांबवावी लागते आणि झटका थेट गुडघ्यात जातो. क्लाइने शायडेकहून आगगाडीने जिथे जातात ते युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. तिथे आल्या आल्या न जाता तीन-चार दिवसांनी जा, आणि दोघांच्या रक्तदाबाबद्दल डॉक्टरांशी इथेच बोलून घ्या.