लीचवरचा प्रोजेक्ट घेऊ की नको?

प्रश्न : मी सांगलीत ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सरांनी वायरलेस सेन्सर नेटवर्कमधलं (बिनतारी सेन्सरांच्या जाळ्यातलं) ऊर्जा वाचवणारं राउटिंग, म्हणजे माहितीचा मार्ग निवडणं, सुचवलंय. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लीच हा राउटिंग प्रोटोकॉल सुधारायचा. बाबा म्हणतात, यातून नोकरी मिळणार नाही. काय करू?

उत्तर : विषय जरूर घे, पण मॅटलॅबपाशी थांबू नकोस.

लीच २००० साली एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी मांडला. गटातल्या नोड्सची (बॅटरीवरच्या छोट्या सेन्सर उपकरणांची) माहिती एक प्रमुख नोड गोळा करतो, आटोपशीर करतो आणि बेस स्टेशनला, म्हणजे सगळी माहिती जमा होते त्या केंद्राला, पाठवतो. या कामात त्याची बॅटरी लवकर संपते, म्हणून ही जबाबदारी आळीपाळीनं सगळ्यांकडे जाते. कल्पना सुंदर आहे, ती नीट शीक.

मात्र प्रत्यक्ष बॅटरी कुठे खर्च होते, हे मॅटलॅबच्या आलेखावरून कळत नाही. टेलॉसबी या सेन्सर नोडवरच्या सीसी२४२० रेडिओ चिपची डेटाशीट उघडून बघ. पूर्ण ताकदीनं पाठवताना तो १७.४ मिलिअँपिअर घेतो आणि ऐकताना १८.८! म्हणजे कुणी काही पाठवतंय का, याची वाट बघत रेडिओ सतत चालू राहिला, तर २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल जेमतेम साडेपाच दिवस टिकतील. मार्ग कितीही हुशारीनं निवडला, तरी रेडिओ झोपवल्याशिवाय बचत नाही. शिवाय माहिती एका नोडकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्यानं जात असेल, तर बेस स्टेशनजवळच्या नोड्सना सगळ्यांचा माल पुढे ढकलावा लागतो आणि तेच आधी बंद पडतात.

म्हणून काँटिकी-एनजी ही नोडवरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यातला कूजा सिम्युलेटर शीक, आरपीएल हा अशा जाळ्यांचा राउटिंग प्रोटोकॉल वाच. मग चार-पाच खरे नोड घेऊन करंट मोज. साध्या मल्टिमीटरवर क्षणभराचे उसळते करंट दिसत नाहीत. कमी ओहमचा रेझिस्टर आणि ऑसिलोस्कोप वापर. बोर्डावरचा एलईडी आणि यूएसबीची चिपही करंट खातात, त्या आधी वेगळ्या काढ.

बाबांची काळजी रास्त आहे. ‘राउटिंग’ नावाच्या जागा क्वचितच निघतात. पण कमी विजेवर चालणारं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) लिहिणारी माणसं लागतात. स्मार्ट मीटरच्या आरएफ मेशमध्ये (मीटरांच्या बिनतारी जाळ्यात) वापरलं जाणारं वाय-सन हे मानक आरपीएलवरच चालतं. लोरावॅन या लांब पल्ल्याच्या बिनतारी जाळ्यात नोड थेट गेटवेशी बोलतो, तिथे हे राउटिंग नाही; बॅटरीचा प्रश्न मात्र तोच. सी भाषा पक्की कर, आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) हाताळ. संशोधनाची ओढ वाटली, तर गेट परीक्षेची तयारी वेळेत सुरू कर.

सरांना सांग, शीर्षक तेच ठेवूया, फक्त मोजलेल्या करंटचं एक प्रकरण जोडूया. मुलाखतीला जाताना ते प्रकरण आणि तुझा कोड सोबत ने.