बिडाचा कॅम्प ओव्हन कसा निवडावा, कसा सांभाळावा?

ऑस्ट्रेलियात कॅम्पिंगसाठी बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कॅम्प ओव्हन, म्हणजे निखाऱ्यांवर ठेवायचं झाकणाचं जाड भांडं, कोणता घ्यावा आणि तो गंजू नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

चौघांना ४.५ क्वार्टचा, म्हणजे साधारण ४ लिटरचा, पुरतो. दुकानात आधी झाकण तपासा. ते डगमगता कामा नये आणि त्याला वर निखारे राहतील अशी उभी कड हवी. डॅम्पर (ऑस्ट्रेलियातला निखाऱ्यांवर भाजायचा साधा पाव) भाजताना खाली थोडे आणि झाकणावर जास्त निखारे लागतात, म्हणून ही कड महत्त्वाची. मडकं घेताना वाजवून बघतो तसं भांडं उचलून टिचकी मारा. बद्द आवाज आला तर तडा असू शकतो.

नवीन भांडं धुऊन कोरडं करा, तेलाचा हात फिरवा आणि मग ते तेल जवळजवळ सगळं पुसून टाका. घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या वर तासभर पालथं ठेवा. असं तीन-चार वेळा केलं की काळा, गुळगुळीत थर धरतो. तेल जास्त राहिलं तर भांडं चिकट होतं.

मी एकदा कोकमाची आमटी त्यात रात्रभर ठेवली. सकाळी आमटीला लोखंडाची चव आणि भांड्याचा थर उतरलेला! आंबट पदार्थ शिजले की लगेच काढा.

तापलेल्या भांड्यात गार पाणी कधीच ओतू नका, बीड ठिसूळ असतं, तडकतं. कोमट पाण्याने धुवा, आचेवर सुकवा, तेल पुसा आणि झाकणाखाली कागदाची घडी सरकवून ठेवा, म्हणजे आत हवा खेळती राहते.