घोड्यांच्या कुरणातील गाजर गवत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पिरंगुटच्या पुढे आमची सहा एकर जमीन असून तेथे चार घोडे मोकळे चरतात. तीन वर्षांपूर्वी केवळ कुंपणालगत दिसणारे गाजर गवत यंदा निम्म्या कुरणात पसरले आहे. दर वर्षी गणपतीनंतर मजूर मिळाले की आम्ही ते विळ्याने कापून घेतो, तरीही ते वाढतच जाते. ते समूळ घालवण्यासाठी कोणते औषध फवारावे?
— एक वाचक, मुळशी तालुका

उत्तर : औषधाकडे वळण्यापूर्वी आपल्या कापणीच्या वेळेचा विचार करावा लागेल. गाजर गवत उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलू लागते आणि चांगल्या वाढलेल्या एका झाडापासून दहा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात. जूनच्या पावसावर उगवलेले तण गणपतीपर्यंत पांढऱ्या फुलांनी भरून गेलेले असते, त्यामुळे त्या वेळी कापणी करणे म्हणजे स्वतःच्या खर्चाने बी पेरून घेणे होय. शिवाय जमिनीच्या वर कापलेले झाड बुडख्यापासून पुन्हा फुटते. हे तण फुलण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे लागते. मुळशीच्या पावसात त्यासाठी जूनअखेर पहिली फेरी आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी पुढची फेरी असा हिशेब ठेवावा. उपटणाऱ्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर फडके आवश्यक आहे, कारण या झाडाच्या स्पर्शाने त्वचेला खाज व पुरळ येतो आणि परागकणांमुळे काहींना दमा जडतो.

या तणाशी पुणेकरांचा परिचय जुना आहे. भारतात त्याची ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यातच झाली. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते आणि लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे नावही चिकटवले. इतक्या वर्षांत रस्त्याच्या कडा, पडीक प्लॉट आणि बांध त्याने व्यापले, परंतु दाट, निरोगी गवत असलेल्या जमिनीत मात्र त्याला सहजासहजी शिरता येत नाही. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे.

गाय जिभेने गवताचा झुबका ओढून खाते. घोड्याला वर आणि खाली दोन्हीकडे पुढचे दात असल्याने तो गवत थेट जमिनीलगत कातरतो, तोच कोवळा तुकडा पुन्हापुन्हा चरतो आणि जेथे लीद पडते तेथे सहसा तोंड लावत नाही. परिणामी कुरणात काही जागा टक्कल पडल्यासारख्या उघड्या होतात आणि काही जागी गवत उंच वाढून जरड होते. उघड्या जागेत गाजर गवत उगवते आणि घोडे ते टाळून उरलेले गवत आणखी ओरबाडतात. सुमारे चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला आठ किलोच्या आसपास सुका चारा लागतो, म्हणजे आपल्या चार घोड्यांना रोज बत्तीस किलो. सहा एकरांचे कोरडवाहू कुरण पावसाळ्यात हा भार कसाबसा पेलेल, परंतु डिसेंबरनंतर घोडे आवारात बांधून विकतचा चारा घालणे हाच शहाणपणा ठरेल. आपण विचारले नसले तरी सांगावेसे वाटते : उपाशी घोडा एरवी टाळलेले तणही खातो, आणि घोड्याला उलटी होत नसल्याने पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याचा तो मार्ग त्याला नाही.

कुरणाचे दोरीने किंवा विजेच्या कुंपणाने चार भाग पाडावेत. गवत चार बोटांपर्यंत उतरले की घोडे पुढच्या भागात न्यावेत आणि मागच्या भागाला तीन-चार आठवडे विश्रांती द्यावी. लीद रोज उचलावी. उघड्या जागांत पावसाच्या सुरुवातीला मारवेल या चाऱ्याच्या गवताचे ठोंब लावावेत. हराळी तर जेथे तुडवणूक कमी होते तेथे आपोआप पसरते. जून-जुलैत तणाच्या पानांवर पट्टेदार मेक्सिकन भुंगे दिसले तर त्यांना मारू नये. १९८४ मध्ये बंगळूरू येथे मुद्दाम सोडलेला हा कीटक गाजर गवतावरच उपजीविका करतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुरण साफ होत नाही, पण मदत फुकटची आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. गाजर गवतावर उतारा म्हणून टाकळ्याचे बी फेकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. पडीक माळासाठी तो ठीक असेल, पण घोड्याच्या कुरणासाठी नाही, कारण त्याच कुळातल्या कासविंद्याच्या बिया घोड्यांना विषारी आहेत आणि गोळा केलेल्या बियाण्यात या झाडांची सरमिसळ सहज होते.

आता औषधाविषयी. टू-फोर-डी गटातील तणनाशक रुंद पानांची झाडे मारते आणि गवत बहुतांशी राखते, म्हणून कोवळ्या तणावर त्याचा उपयोग होतो. ग्लायफोसेट गवतासह सर्वच मारते आणि २०२२ च्या केंद्रीय आदेशानुसार ते केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत वापरायचे आहे. कोणतेही औषध फवारल्यावर कोमेजलेली विषारी झाडेही जनावरांना चवदार लागू लागतात, म्हणून वेष्टनावरील मुदत संपेपर्यंतच नव्हे, तर मेलेले तण काढून टाकेपर्यंत घोडे तेथे सोडू नयेत. मिठाचे पाणी फवारण्याचा घरगुती उपाय कुंपणाबाहेरच्या रस्त्यापुरता ठेवावा. कुरणात तो तणाबरोबर जमीनही खराब करतो.

प्रश्न : विकत घेतलेल्या वाळलेल्या गवताच्या पेंढ्यांत हलवल्यावर वाजणाऱ्या शेंगा सापडल्या. गवत वाळलेले असल्याने धोका नसावा, हे बरोबर आहे का?
— एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : बरोबर नाही. त्या शेंगा घागरीच्या, म्हणजे काही भागांत ज्याला खुळखुळा म्हणतात त्या झाडाच्या असाव्यात. या वर्गातील अनेक जातींमध्ये यकृताची हानी करणारी अल्कलॉइड द्रव्ये असतात आणि वाळवल्याने ती नष्ट होत नाहीत. उलट ओल्या झाडाची कडू चव घोडा ओळखतो, वाळलेल्या पेंढीत ती त्याला जाणवत नाही. ही हानी थोडीथोडी साठत जाते आणि लक्षणे कित्येकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उमटतात : वजन उतरणे, डोळ्यांचा व हिरड्यांचा पिवळेपणा, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, निष्कारण गोल फिरणे. लक्षणे दिसू लागेपर्यंत यकृताचा मोठा भाग निकामी झालेला असू शकतो. उरलेल्या पेंढ्या खाऊ घालू नयेत, खतातही टाकू नयेत, जाळून टाकाव्यात. हे गवत किती दिवस खाऊ घातले याची तारीखवार नोंद करून पशुवैद्यकाकडून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पुढचा चारा घेताना गाडी रिकामी होण्याआधी चार-पाच पेंढ्या सोडून पाहाव्यात.