४० पौंडी लाँगबोवर (लांब, साधं धनुष्य) ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या ताठपणाचा आकडा) कार्बन बाण सारखे डावीकडे लागतात. शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, चुकीची घेतली का?

तुम्ही उजव्या हाताने दोरी ओढत असाल तर बहुधा हो, ही शाफ्ट तुमच्या धनुष्याला ताठ पडतेय. पण लगेच नवीन घेऊ नका.

५०० चा अर्थ असा: २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मधोमध १.९४ पौंड वजन टांगलं की ती ०.५०० इंच वाकते. म्हणजे आकडा वाढला की शाफ्ट लवचिक. लाकडी बाणांत नेमकं उलटं असतं. तिथे स्पाइन पौंडांत सांगतात आणि ४५ पेक्षा ५५ ताठ. दोन्ही पद्धती एकत्र केल्या की खरेदी हमखास चुकते.

मात्र हे मोजमाप स्थिर शाफ्टचं. बाण सोडताना दोरी बोटांवरून किंचित बाजूला घसरते, मागून जोर येतो, पुढचा पॉइंट (बाणाचं टोक) जडत्वामुळे लगेच हलत नाही आणि शाफ्ट वाकते. लाँगबोची मूठ बाणाच्या वाटेतच असते, त्यामुळे बाणाला वाकून तिला वळसा घालावाच लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. तिरंदाजीत मला याहून सुंदर काही वाटत नाही. पुरेशी न वाकणारी शाफ्ट डावीकडे ढकलली जाते, जास्त वाकणारी उजवीकडे जाते.

आता तुमचं धनुष्य. त्यावर लिहिलेले ४० पौंड २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, असतात. तुमची ओढ २६ इंच असेल तर इंचामागे साधारण २ ते ३ पौंड कमी धरा, म्हणजे प्रत्यक्षात ३५ च्या आसपास. तेवढ्या जोराला ५०० आणखीच ताठ. ओढ कुणाकडून तरी नक्की मोजून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

मग बेअर शाफ्टची, म्हणजे बिनपिसांच्या बाणाची, चाचणी करा. दहा-पंधरा मीटरवरून पिसं असलेले तीन बाण मारा आणि त्याच निशाण्यावर एक बिनपिसांचा. तो पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर शाफ्ट ताठ, उजवीकडे लागला तर लवचिक. एका बाणावर निकाल देऊ नका. सोडताना हात बाहेर फेकला जात असेल तर चाचणीच फसवते, त्यामुळे रिलीज (दोरी सोडणं) एकसारखा होईपर्यंत थांबा.

ताठच निघाली तर आधी पॉइंट बदला. १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) जागी १५०, मग १७५, २००. पुढे वजन वाढलं की शाफ्ट जास्त वाकते आणि खर्चही थोडाच. शाफ्ट कापू मात्र नका, कापली की ती अजून ताठ होते. वाक लांबीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे २८ ऐवजी ३० इंच लांबीला तो जवळजवळ २३ टक्के जास्त असतो. २०० ग्रेनलाही बाण डावीकडेच जात असतील तर ६०० ची एकच शाफ्ट, न कापलेली घ्या, हीच चाचणी तिच्यावर करा आणि जुळली तरच उरलेल्या मागवा.