महाराष्ट्र दिनाची सुट्टी मुंबईत घरच्यांसोबत आणि मित्रमंडळींसोबत कशी घालवावी?

सकाळी लवकर हुतात्मा चौकात जा, चर्चगेटहून चालत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि त्यासाठी गोळ्या झेललेल्यांचं हे स्मारक आहे. मुलांना तिथे उभं राहूनच सांगा, घरी सांगितलेलं पोचत नाही. नऊनंतर ऊन सोसवत नाही, तेव्हा लवकर परता.

दुपारी आमरस-पुरी. दहा माणसांना मध्यम हापूस 15 आणि कणीक 1 किलो पुरते. साठेक पुऱ्या होतात. आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा चीक पिळून टाका. रस हातानेच काढा. मिक्सरमध्ये फेस होतो, रंग फिका पडतो. चिमूटभर मीठ आणि दोन कोयी रसातच राहू द्या. भांडं स्टीलचं हवं, पितळेचं नको. दूध घालणार असाल तर वाढताना, कारण आंबा जरा आंबट निघाला की दूध फाटतं.

पुरीची खरी गोम कणकेत आहे. दोन चमचे रवा, दोन चमचे कडकडीत मोहन, आणि कणीक घट्ट. सैल झाली की लाटताना पीठ लावावं लागतं, ते तेलात जळतं. तेल पुरेसं तापलं नसेल तर पुरी फुगत नाही, नुसतं तेल पिते. कणकेची गोळी टाकल्यावर लगेच वर आली पाहिजे.

पाहुण्यांना साडेबारालाच बोलवा, पुऱ्या गरम असतानाच संपतात. संध्याकाळी उन्हं उतरली की सगळे मिळून चौपाटीवर.