सांदवाडीतील कोंबड्या आणि शेजाऱ्यांचा अर्ज

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात, गावठाणातील वडिलोपार्जित घरी, मागच्या सांदवाडीत (परसात) आम्ही १५-२० गावरान कोंबड्या पाळतो. वास येतो म्हणून शेजाऱ्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज केला असून, राहत्या जागेत कोंबड्या ठेवता येत नाहीत, असे आम्हांला तोंडी सांगण्यात आले. हे खरे आहे काय? पुढे ३०० पक्ष्यांचे शेड टाकण्याचाही विचार आहे.

उत्तर : पशुसंवर्धन खाते ज्या परसातील कुक्कुटपालनाला स्वतः उत्तेजन देते, तेच गावठाणात सरसकट बंद आहे, असे तोंडी सांगण्यावरून मानू नये. तसा ठराव झाला असल्यास त्याची प्रत लेखी अर्ज करून मागावी. मात्र शेजाऱ्यांची तक्रार एवढ्याने निकालात निघत नाही. गावाची स्वच्छता पाहणे हे ग्रामपंचायतीचे कामच आहे आणि सार्वजनिक उपद्रव ठरल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. तेव्हा खुराडे शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकलेले असेल तर ते आधी हलवावे. वास कोंबडीचा नसतो, ओल्या विष्ठेचा असतो. पावसाळ्यात खाली अंथरलेले धानाचे तूस भिजून त्याचा लगदा झाला की डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटतो. तूस कोरडे ठेवावे, ओले होताच बदलावे आणि काढलेले उकिरड्यावर उघडे न टाकता खड्ड्यात मातीआड करावे. पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यावर मात्र आमच्याजवळ उपाय नाही. दोन असतील तर एक कमी करावा.

शेडची गोष्ट वेगळी आहे. पक्के बांधकाम आले की महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून पाया खोदण्यापूर्वी नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घर-आकारणी नोंदीचा) उतारा व नकाशा जोडून अर्ज करावा. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांना वस्तीपासून ५०० मीटर दूर राहण्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना ३०० पक्ष्यांसाठी नसली, तरी आमच्या मते एवढे पक्षी गावठाणात नकोतच. बर्ड फ्लू आढळल्यास बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील घरगुती कोंबड्याही नष्ट केल्या जातात, हेही ध्यानात असू द्यावे. शेतात जागा असल्यास तेथेच शेड टाकावे; त्यासाठी सातबारा घेऊन आधी तलाठ्यांना विचारावे.

सध्या ग्रामपंचायतीला लेखी खुलासा द्यावा, त्यात खुराडे हलवल्याची तारीख घालावी आणि पोच घ्यायला विसरू नये.